कोथिंबीर नाही, सांबार

हे मी लिहीत नाही, बोलते आहे. पेन हातात दिलं तर हात त्याचं काय करील याचा मला भरवसा नाही. म्हणून आमचे मालक मोबाईल माझ्या तोंडासमोर धरतात, बटण दाबतात, मी बोलते आणि तो लिहितो. आमची बोली त्याला कळत नाही. मी ‘मले’ म्हटलं की तो ‘माळे’ लिहितो, त्यामुळे दहावीच्या पेपरात लिहायचे तसलं मराठी काढून बोलावं लागतं. मध्येच घसरले तर सांभाळून घ्या. सांबार या शब्दाचं तर त्यानं पहिल्या दिवशी ‘समोर’ केलं, तिथंच माझं डोकं फिरलं. या एका शब्दापायी मी आधीच पुष्कळ सोसलंय.

आमचं देऊळघाटला थोडं वावर आहे, विहिरीखाली. मेथी, पालक, वांगी लावतो, पण आमचं खरं पीक सांबार. तिकडे पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात ते. घाट उतरून मोताळ्याच्या आठवडी बाजारात माझी बसायची जागा आहे, एका अंगाला मिरचीवाली, दुसऱ्या अंगाला लसणाचा ढीग. ही जागा मला कोणी दिली नाही. नवी नवरी असताना तीन बाजार मी उजाडायच्या आत जाऊन तिथं पोतं अंथरलं आणि भांडून ती मिळवली. बाजारात कागद नसतो. जो बसतो त्याची जागा, आणि जो बसायचा थांबला त्याची गेली. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या हातभर जागेसाठी आहे.

तिथंही माझी एक रीत होती. बाकीच्या बाया घरून जुड्या बांधून आणतात. बांधलेलं सांबार घाटात तापतं, पानं पिवळी पडतात. मी मोकळं आणायची, ओल्या पोत्यात, आणि गिऱ्हाइकासमोर जुडी बांधायची. केळीच्या खांबाच्या सालीची ओली पट्टी पायाच्या अंगठ्यात अडकवायची, एक मूठ उचलायची, मुळं गुडघ्यावर ठोकून सारखी करायची, दोन वेढे, टोक आत खोचायचं. गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत जुडी तयार. हात काय करतो ते मी कधी बघितलंच नाही. माझं तोंड शेजारणीशी चालू असायचं.

एका बाजाराच्या दिवशी मोटारसायकलवर मी मालकांच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसले होते, मांडीवर पोतं. रस्त्यात ब्रेकर आला. तो मालकांना दिसला नाही की मला नीट धरता आलं नाही, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. मी पडले, पोतं माझ्यावर पडलं. डोक्याला डाव्या बाजूनं मार लागला. शुद्धीवर आले तेव्हा दवाखान्याच्या फिनाईलच्या वासात मला सांबाराचा वास येत होता. केसांत पानं अडकलेली होती, ती कोणी काढली नव्हती.

हातपाय हलत होते. बोलणं अडखळत होतं, ते पंधरवड्यात सुटलं. सगळे म्हणाले, वाचली बिचारी. मीही म्हणाले, वाचले बाप्पा. मग नर्सनं माझ्या हातात कंगवा दिला.

कंगवा आहे हे मला दिसत होतं. त्यानं काय करतात असं कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण हात तिथंच थांबला. मग त्यानं तो कंगवा गालावरून फिरवला. मी फिरवला असं मी म्हणणार नाही, हातानं फिरवला. चुकतंय हे मला कळत होतं, पण बरोबर काय ते सापडत नव्हतं. मी मालकांकडे बघितलं, मालक माझ्याकडे. त्या दिवसापासून आम्ही दोघं एकमेकांकडे नुसते बघतच होतो.

घरी आल्यावर तर गोंधळाला पार राहिला नाही. दात घासायचा ब्रश मी केसाला लावला. पेस्ट सगळी भांगात. चहा करायला गेले आणि चहापत्ती कपात टाकली, पाणी साखरेच्या डब्यात ओतलं, आणि गाळणी हातात घेऊन उभी राहिले, हिला आता कुठं ठेवू म्हणून. गॅसचा लायटर खटखट वाजवत होते, बटण फिरवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बटण फिरवलं आणि लायटर फ्रीजवर ठेवून आले. जाऊ धावत आली म्हणून बरं. त्यानंतर माझ्या स्वयंपाकघरातून लायटर गेला, विळा गेला, सुरी गेली. माझ्याच घरात मला वस्तू लपवून ठेवलेल्या कळत होत्या. कुठं लपवल्या तेही कळत होतं. नुसतं त्यांचं करायचं काय ते कळत नव्हतं.

साडीच्या निऱ्या येईनात. उजवीकडून घेतल्या तर डावीकडे सुटायच्या. शेवटी मी गाऊनमध्ये राहायला लागले. मोताळ्याच्या बाजारात सगळ्यात कडक साडी नेसणारी बाई मी, आणि गाऊनवर टॉवेल टाकून ओट्यावर बसलेली. कोणी म्हणालं नाटक करते. कोणी म्हणालं, बाहेरचं काही लागलंय, दर्ग्यावर नेऊन आणा. मला स्वतःला कधी कधी वाटायचं, मी नाटकच करते का? कारण मजा अशी की मध्येच एखादी गोष्ट सरळ जमायची. वाफ्यात बकरी शिरली तर मी उचललेला दगड बरोबर तिच्या पुठ्ठ्यावर बसला. मग मालक म्हणाले, पुन्हा उचल बरं. तर तो दगड माझ्या हातात, आणि मी त्याच्याकडे बघते आहे. रडू आलं मला तेव्हा. दगड तरी कळावा की नाही माणसाला.

मग शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरसवदा, पुण्याकडचा, स्वच्छ बोलणारा. तो म्हणाला, मावशी, दात कसे घासता ते रिकाम्या हातानं दाखवा. मी बोटच दातावर घासलं. म्हणाला, बोट नाही, ब्रश धरलाय असं समजा. आता नसलेला ब्रश मी कुठून धरू? असलेला धरता येत नाही. मग त्यानं चित्रं काढली. किल्ली, कात्री, कुलूप, सगळी मी धडाधड सांगितली. एका चित्रात हिरवी जुडी होती. ही कशाची, म्हणाला. मी म्हटलं, सांबाराची.

त्यानं मान वर केली. सांबार म्हणजे, म्हणाला, इडलीबरोबर खातात ते? मी म्हटलं, सांबार, सांबार, चार बोटं देठ आहे त्याला, दिसत नाही का. तो मालकांकडे वळला. आणि पंचवीस वर्षं सांबार पिकवलेला हा माणूस, त्या डॉक्टरच्या पांढऱ्या कोटासमोर, खाली मान घालून गप्प. डॉक्टरनं कागदावर लिहिलं की रोजची भाजी ओळखता येत नाही. इंग्रजीत लिहिलं होतं, पण बाहेर आल्यावर मी औषधवाल्याकडून वाचून घेतलं. मेंदूला मार माझ्या, आणि वाचा गेली मालकांची.

तो डॉक्टर पुढं बरंच बोलला होता. वस्तू कळते पण ती वापरायचा क्रम हरवतो, म्हणाला. आणि ठरवून केलेलं काम अडतं, न ठरवता केलेलं कधी कधी होऊन जातं, असंही म्हणाला. आम्ही दोघांनी माना हलवल्या. एकालाही काही समजलं नव्हतं. मला तर सगळ्या रस्त्यानं एकच दिसत होतं, मालकांची ती खाली गेलेली मान. त्या दिवसापासून घरात कोणी कोथिंबीर हा शब्द काढला, टीव्हीवर सुद्धा कोणी म्हणालं, की माझ्या अंगाची लाही व्हायची.

इकडे माझ्या जागेवर जाऊ बसत होती. धाकटी जाऊ, कामाची आहे, स्वभावानं वाईट नाही. पहिल्यांदा म्हणाली, बाई, तुम्ही बऱ्या होईपर्यंत बसते. मग म्हणाली, बाई, बसतेच आहे तर. एक दिवस म्हणाली, बाई, तुम्ही आता आराम करा ना घरी, किती दगदग केली जन्मभर. तिनं मायेनं म्हटलं असेल. मला मात्र शेपटीवर पाय पडलेल्या सापासारखं झालं. ती ओट्यावर बसून जुडी बांधून बघत होती, माझ्यासारखी, आणि तिची जुडी अशी ढिली की उचलली तर सांडावी. मी तिच्या हातातनं हिसकावली. म्हटलं, अशी जुडी मोताळ्यात नेशील तर लोक बैलाले टाकतील, मुळं ठोकत नाईस, वेढा एकच देतेस, माझ्या जागेची पत घालवशील. बोलत होते आणि बोलत होते. आणि जाऊ माझ्या हाताकडे बघत होती. माझ्या मांडीवर तीन जुड्या पडल्या होत्या. बांधलेल्या. टोक आत खोचलेलं.

‘बाई, जमलं की वो तुम्हाले,’ जाऊ म्हणाली.

तिनं ते म्हणायला नको होतं. मी हाताकडे बघितलं आणि हात गेला. चौथी मूठ हातात, पट्टी कानाला अडकवलेली. मालक म्हणाले, बांध ना, आत्ता तर बांधल्या. सावकाश, घाई करू नको, आधी मूठ, मग पट्टी. जितकं ते समजावून सांगत तितकी मी अडत गेले. त्या तीन जुड्या मी उशापाशी ठेवल्या. कोणी बांधल्या या? मी बांधल्या तर मला आत्ता का येत नाहीत? दोन दिवसांनी त्या सुकल्या तरी मी टाकू देईना.

पण त्या जुड्यांनी माझ्या डोक्यात किडा सोडला. मी रागारागात जाहीर करून टाकलं. म्हटलं, या बाजाराला मी जाणार. माझ्या जागेवर मी बसणार, आणि माझ्या हातानं जुड्या बांधणार. नाही जमलं तर जागा हिची, पुन्हा तोंड उघडणार नाही. जाऊ नको नको म्हणाली. मालक ओट्यावर बसून त्या सुकलेल्या जुड्यांकडे बघत होते. आमचे मालक असेच, उभ्या जन्मात माझ्याशी एकदाही भांडले नाहीत. मी पडल्यापासून तर माझ्याशी इतकं हळू बोलायचे की मला दवाखान्यात असल्यासारखं वाटायचं.

बाजाराच्या दिवशी जाऊनं मला साडी नेसवली. निऱ्या घालताना ती खाली बसली होती, मी तिच्या भांगाकडे बघत होते, आणि माझी जागा घ्यायला निघालेली हीच बाई मला त्या जागेसाठी सजवते आहे याचा मला अर्थ लागेना. मालवाहू रिक्षातून आम्ही दोघी घाट उतरलो. मिरचीवालीनं मला बघून डोळ्याला पदर लावला. मी पोतं अंथरायला घेतलं, ते उलटं अंथरलं गेलं, तिनं सरळ केलं. जाऊ माझ्या मागे बसली. सुटे पैसे ती बघणार होती, जुड्या मी.

पहिलं गिऱ्हाईक ओळखीचंच, बस स्टँडकडे राहणारी बाई. दोन जुड्या म्हणाली. मी मूठ उचलली. इथवर आलं. मग पट्टी. पट्टी होती, अंगठा होता, गुडघा होता, सांबार होतं. सगळं पुढ्यात होतं आणि त्यातलं काय कुणाशी जोडायचं ते गेलं होतं. मी पट्टी मनगटाला गुंडाळली. सोडली. मूठ दुसऱ्या हातात घेतली. सांबार कपाळाला लावलं की काय, कोण जाणे, लोक बघायला लागले. मागे आणखी दोघं-तिघं उभे राहिले. बाई म्हणाली, राहू द्या मावशी, मी नंतर येते. आणि मग हळूच माझ्या मागे जाऊकडे बघितलं. जाऊचा हात माझ्या खांद्यावरून पुढं आला, मुठीकडे. मला वाटलं, झालं. गेली जागा. आता हा हात परत मागे जायचा नाही.

तेवढ्यात गर्दीच्या मागून आवाज आला.

‘अहो बाई, ही कोथिंबीर कशी दिली?’

असा कोरडा पुणेरी आवाज. मी मान वर केली. आमचे मालक. शर्ट खोचलेला, हातात रिकामी पिशवी, मला कधी बघितलंच नाही अशा चेहऱ्यानं उभे. म्हणाले, कोथिंबीरच ना ही, इडलीबरोबर खातात ती?

मला पुढचं सगळं आठवत नाही. मिरचीवालीनं नंतर सांगितलं ते असं, की मी जी सुरू झाले ती थांबेना. कोथिंबीर कोणाले म्हणता, म्हटलं. याच्यावर तुमचा संसार झाला, लेकीचं लग्न झालं, आन् आज तुम्हाले नाव आठवत नाई? तव्हा डॉक्टरपुढं काऊन तोंड शिवलं होतं? बायको येडी ठरून राह्यली अन् तुम्ही चपलेचे अंगठे पाहून राह्यले होते. सहा महिने माझ्या पोटात होतं ते मी मोताळ्याच्या भरबाजारात ओकले. लोक हसत होते. मालक ऐकत होते आणि मध्ये मध्ये तेल ओतत होते, कोथिंबिरीची जुडी बारीक दिसते, कोथिंबिरीला वास नाही. आणि माझे हात चालले होते. मूठ, गुडघा, दोन वेढे, टोक आत. बस स्टँडवाल्या बाईच्या पिशवीत दोन पडल्या, मागच्याच्या पिशवीत तीन. जाऊ या खेपेला शहाणी झाली होती. तिनं जमलं असं म्हटलं नाही. तिनं हात मागे घेतला आणि हळूच पैसे घेत राहिली.

अर्धं पोतं झालं तेव्हा माझा श्वास संपला. तेव्हा मला मालकांचा चेहरा नीट दिसला. कपाळावर घाम होता. भांडायची सवय नाही ना माणसाला. दुपारी जाऊनं पोत्याचा दुसरा तुकडा काढला आणि मिरचीवालीला सरकायला लावून माझ्या शेजारी अंथरला, स्वतःसाठी. माझ्या जागेवर तिचा पदरसुद्धा आला नाही.

संध्याकाळी घरी आले. तोंड धुतलं, आरशासमोर बसले, आणि कंगवा हातात घेतला. म्हटलं आज सगळंच जमेल. हात थांबला. कंगवा तोच, केस तेच. मालक दारात उभे होते. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, ‘कोथिंबीर.’

मी वाट बघितली. राग येईल म्हणून बघितली. पण मला ते भरबाजारात खोचलेल्या शर्टात उभे दिसत होते, आणि राग काही येईना. त्यांनी पुन्हा म्हटलं, कोथिंबीर, जरा मोठ्यानं. मला हसू आलं. मग रडू आलं. हात तसाच. कंगवा गालाला लागलेला. ते आत आले, माझ्या हातातून कंगवा घेतला आणि मागे बसून माझे केस विंचरायला लागले. त्यांना विंचरता येत नाही. गुंता वरून ओढतात.

एक गुंता सुटला. मग ते हळूच म्हणाले, ‘अवं, पण आता तुले माह्या बोलन्याचा रागच येत नाई. पुढच्या बाजारी कसं करायचं?’

मी म्हटलं, ‘जाऊले म्हणायले लावा. तिचा राग येते मले.’